अंगावर काढलेल्या दुखण्याचा इतिहास

बाळंतपण व कुटुंबनियोजन यांपलीकडचे स्त्रीचे दुखणे सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने दीर्घकाळ दुर्लक्षित ठेवले. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत, तक्रार असो वा नसो, ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. योनीच्या बाह्य त्वचेचे विकारही याच मौनात दडतात. वयपरत्वे रंग गडद होणे बहुधा स्वाभाविक. मात्र न हटणारी खाज, गाठ, न भरणारी जखम वा पांढरा चट्टा दिसल्यास तपासणी अगत्याची ठरते. अशा चट्ट्यामागे 'लायकेन स्क्लेरोसस' असू शकतो. तो संसर्गजन्य नाही. परंतु उपचाराविना राहिल्यास क्वचित कर्करोग उद्भवतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे दवाखाना गडचिरोलीच्या खेड्यांइतका दूर नाही. संकोच मात्र शहरातही असतोच.