राजाचं पोट दुखलं, खिडकीचं भाडं कोणी भरायचं?

गोव्याला किंवा अलिबागला चार दिवसांसाठी घर बुक करताना आपण फोटो बघतो, रिव्ह्यू वाचतो, पूल किती मोठा आहे यावर ऑफिसात चर्चा करतो. आणि 'कॅन्सलेशन पॉलिसी' अशी जी ओळ असते तिथे न वाचताच टिक करून मोकळे होतो. ट्रिप फिसकटली की मग आठवण. या ओळीमागे सव्वाशे वर्षांपूर्वीची एक मजेदार कोर्टबाजी आहे, तीही एका राजाच्या अपेंडिक्सवरून.

तर झालं असं. व्हिक्टोरिया राणी १९०१ च्या जानेवारीत गेली आणि सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला. २६ आणि २७ अशा दोन दिवशी लंडनच्या रस्त्यांवरून मिरवणुका निघणार होत्या. साम्राज्यभरातून पाहुणे आले होते, आपले कोल्हापूरचे शाहू महाराजसुद्धा. (राखीव जागांचा तो प्रसिद्ध जाहीरनामा २६ जुलै १९०२ ला निघाला तेव्हा महाराज विलायतेतच होते. असो, तो वेगळा विषय.) मिरवणुकीच्या वाटेवर ज्यांची घरं होती त्यांची चंगळ झाली. लोकांनी खोल्या नाही, खिडक्या भाड्याने द्यायला काढल्या!

पॅल मॅल या रस्त्यावर ५६ए नंबरच्या जागेत पॉल क्रेल नावाच्या गृहस्थाच्या खोल्या होत्या. तो स्वतः परदेशात, व्यवहार वकिलाकडे. 'मिरवणूक बघायला खिडक्या भाड्याने' अशी पाटी हेन्री नावाच्या माणसाने वाचली, घर सांभाळणाऱ्या बाईशी बोलणं केलं आणि २० जूनला सौदा पक्का केला. दोन दिवसांचे ७५ पौंड. फक्त दिवसा, रात्री राहायचं नाही. २५ पौंड इसार दिला, बाकीचे ५० द्यायचे २४ जूनला. गंमत म्हणजे दोघांच्या पत्रांत मिरवणुकीचा शब्दही नव्हता.

२४ जूनलाच जाहीर झालं की राजावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागतेय, सोहळा लांबणीवर. (राजा वाचला, राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला.) हेन्री म्हणाला, उरलेले ५० देणार नाही. क्रेल म्हणाला, का बुवा? खोल्या जागेवर आहेत, खिडक्या आहेत, खुशाल येऊन बसा की! चूक कोणाचीच नव्हती. प्रश्न एवढाच की चूक कोणाचीच नसताना भुर्दंड कोणाच्या खिशाला?

कोर्ट ऑफ अपीलने ऑगस्ट १९०३ मध्ये हेन्रीच्या बाजूने कौल दिला. पत्रात लिहिलेलं नसलं तरी दोघांनाही ठाऊक होतं की विकली जातेय ती मिरवणूक, खोली नव्हे. तो पायाच गेला म्हणजे करार संपला.

वाचायला छान वाटतं ना? पण थांबा. त्याच न्यायमूर्तींपुढे दुसरी केस आली. हटन नावाच्या माणसाने २८ आणि २९ जूनसाठी एक बोट २५० पौंडांना ठरवली होती. स्पिटहेडला राजा आरमाराची पाहणी करणार, ती लोकांना दाखवायची आणि आरमाराभोवती चक्कर मारून आणायची. पाहणी रद्द झाली. पण जहाजं तिथेच उभी होती, चक्कर मारता आली असती. सबब पैसे भरा! एकाच राजाचं आजारपण, न्यायाधीश तेच, निकाल उलटा. मला विचाराल तर सगळी मेख इथे आहे. 'काय रद्द झालं' यापेक्षा 'तुम्ही नेमकं काय विकत घेतलं होतं' यावर पैसे ठरतात.

आणि घड्याळावरही. ग्रिफिथ विरुद्ध ब्रायमर ही केस तर आमच्या धंद्यातल्या लोकांना फार आवडेल. राजावर शस्त्रक्रिया करायचं ठरलं २४ जूनला सकाळी १० वाजता. यांनी खोलीचा सौदा केला त्याच दिवशी ११ वाजता, १०० पौंड देऊन. दोघांनाही बातमी माहीत नव्हती. कोर्ट म्हणालं, करार झाला तेव्हाच त्याचा विषय संपलेला होता, सबब करारच नाही, १०० पौंड परत करा. चक्क रेस कंडिशन, निकाल टाइमस्टँपवर.

उलट बिचारा चँडलर. त्याची खोली १४१ पौंड १५ शिलिंगांची, १०० भरलेले. त्याच्या करारात सगळे पैसे मिरवणुकीच्या आधी, म्हणजे बातमी येण्यापूर्वीच द्यायचे ठरले होते. कोर्टाने १९०४ मध्ये सांगितलं की करार संपला तो त्या क्षणापासून पुढे. आधी जे देणं झालं ते झालं. म्हणजे १०० गेलेच, वर राहिलेले ४१ पौंड १५ शिलिंगही भर! हेन्रीनेसुद्धा आपल्या २५ पौंडांचा दावा अपिलात सोडून दिला होता. जो वेळेवर पैसे भरतो तो बुडतो आणि जो टंगळमंगळ करतो तो सुटतो, हा न्याय मला तरी अजब वाटतो.

इंग्रजांनाही वाटला असावा, पण दुरुस्तीला चाळीस वर्षं लागली. एका पोलिश कंपनीने इंग्लंडमधल्या कारखान्याला यंत्रांसाठी १००० पौंड आगाऊ दिले होते. १९३९ मध्ये युद्ध पेटलं, यंत्रं गेलीच नाहीत. १९४२ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ते पैसे परत करायला लावले आणि चँडलरचा निकाल मोडीत काढला. १९४३ मध्ये कायदाच झाला, की करार असा बुडाला तर आगाऊ रक्कम परत करावी, समोरच्याचा झालेला खर्च कोर्टाला योग्य वाटला तर त्यातून वळता करून. आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्यात मात्र कलम ६५ आधीपासून होतं. करार निरर्थक झाला तर त्यातून मिळालेला फायदा परत करा. लंडनमध्ये चँडलरचे १०० पौंड बुडाले तेव्हा हे कलम इकडे तीस वर्षांचं जुनं होतं!

पण हे सगळं केव्हा, तर करारात काही लिहिलेलं नसेल तेव्हा. आज वेबसाइट सगळं आधीच लिहून ठेवते आणि आपण टिक करतो.

मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा एअरबीएनबीने ते लिहिलेलंही बाजूला ठेवलं. १४ मार्चपर्यंत केलेली आणि सुरुवातीला १४ एप्रिलपर्यंत मुक्काम सुरू होणारी बुकिंगं पूर्ण रिफंड घेऊन रद्द करा म्हणाले. प्रवासी खूश, घरमालक भडकले. अनेकांचे कर्जाचे हप्ते त्याच भाड्यावर चालत होते. शेवटी कंपनीचे ब्रायन चेस्की यांनी मालकांची माफी मागितली, २५ कोटी डॉलर बाजूला काढले आणि पॉलिसीप्रमाणे मालकांना जे मिळालं असतं त्याच्या २५ टक्के दिले. पुन्हा तोच क्रेल, तोच हेन्री. फक्त न्यायाधीशाच्या जागी कंपनी.

त्यानंतर नियम आवळले. २०२४ च्या जूनपासून लागू झालेल्या नियमांत मोठी नैसर्गिक आपत्ती, सरकारी प्रवासबंदी वगैरे असेल तरच मूळ पॉलिसी बाजूला पडते. तुमचं आजारपण त्यात बसत नाही. ज्या कार्यक्रमासाठी घर घेतलं तो रद्द झाला किंवा पुढे ढकलला, तर तेही बसत नाही, हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ज्या मुद्द्यावर हेन्री जिंकला तोच मुद्दा बाद! मग उरते ती मालकाने निवडलेली पॉलिसी. 'फ्लेक्सिबल' असेल तर मुक्कामाच्या एक दिवस आधीपर्यंत पूर्ण पैसे परत, 'मॉडरेट' असेल तर पाच दिवस आधीपर्यंत. हेन्रीसाहेबांचं बुकिंग २० जूनचं, मुक्काम २६ चा. फ्लेक्सिबलमध्ये त्यांचे ७५ च्या ७५ पौंड सुटले असते. मॉडरेटमध्ये पूर्ण रिफंडाची मुदत २१ तारखेलाच संपली असती, राजाच्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी.