केडगाव 1905 : कागदांचा क्रम

ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळाचे आजचे संशोधन एका साध्या शिस्तीवर उभे आहे. काय घडले हे ठरवण्याआधी कोणता कागद कधी लिहिला गेला ते पाहायचे. नव्या करारात शुभवर्तमाने आधी छापलेली असतात आणि पौलाची पत्रे नंतर; पण पौलाने लिहिले ते इसवी सनाच्या 50च्या दशकात, आणि मार्कचे शुभवर्तमान सर्वसाधारणपणे 70च्या सुमाराचे मानले जाते. हा क्रम ध्यानात घेतला नाही, तर मागाहून तयार झालेली समजूत पहिल्या पिढीच्या नावावर जमा होते.

हीच शिस्त दौंड तालुक्यातल्या केडगावला लावून पाहण्याजोगी आहे. पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पेन्टेकॉस्टल या ख्रिस्ती पंथाला आज जगभर कोट्यवधी अनुयायी आहेत. त्याचा उगम बहुतेक ठिकाणी लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, एप्रिल 1906 मध्ये, विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभांत सांगितला जातो. केडगावची घटना त्याआधी सुमारे नऊ महिने घडली होती.

शेजारच्या शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे 1840च्या दशकापासून होते. तिथला व्यवहार ओळखीचा होता : बाहेरून आलेले मिशनरी, त्यांच्या शाळा, त्यांचे वार्षिक अहवाल. केडगावचे मुक्ती सदन निराळे, कारण त्याच्या प्रमुख पंडिता रमाबाई होत्या. मध्य प्रांतातल्या 1896-97च्या आणि गुजरातेतल्या 1900च्या दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली आणि विधवा तिथे राहत, शिकत, छापखाना चालवत.

मुक्तीच्या वृत्तांतानुसार जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी रोजची प्रार्थनासभा सुरू केली. आरंभी सत्तरेक जणी येत. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेवर गेला. वेल्समधल्या संजीवनाची, म्हणजे सामूहिक धर्मजागृतीची, बातमी हिंदुस्थानात पोहोचलेलीच होती. 29 जूनच्या पहाटे एका मुलीभोवती ज्वाळा दिसल्याचे सोबतिणींनी सांगितले, आणि एकजण बादलीभर पाणी घेऊन तिच्या अंगावर ओतायला धावली. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत असताना सभेत मुली मोठ्याने रडू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या. ज्वाळांविषयी इतिहासकाराने निवाडा देऊ नये. साक्षीदारांनी काय सांगितले एवढेच त्याच्या हाती असते. पण पाण्याची बादली मला महत्त्वाची वाटते. चमत्कार रचून सांगणारा माणूस असा गडबडीचा, घाबरलेपणाचा तपशील सहसा घालत नाही.

आता कागद पाहू. मिनी एब्रम्स ही अमेरिकन मेथडिस्ट बाई 1887 मध्ये मुंबईला आली आणि 1898 मध्ये मुक्तीत दाखल झाली. तिने 1906 मध्ये ‘द बॅप्टिझम ऑफ द होली घोस्ट अँड फायर’ ही पुस्तिका काढली. पहिल्या आवृत्तीत पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे विवेचन आहे, पण अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषांत, बोलण्याचा विषय नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत तो येतो. या एका फरकावर बरेच अवलंबून आहे, कारण अन्य भाषांत बोलणे हीच अमेरिकेतल्या चळवळीची मुख्य खूण ठरली. 1905च्या केडगावात हे सारे पूर्ण रूपात होते, असे म्हणणारे पहिल्या आवृत्तीच्या मौनाकडे डोळेझाक करतात. उलट, केडगाव म्हणजे अझुसाची नक्कल, हे म्हणणेही टिकत नाही. संजीवन आधीच सुरू झालेले होते. शिवाय खुद्द अझुसाच्या ‘अपॉस्टॉलिक फेथ’ या पत्राने 1906च्या अखेरीस छापले, की हिंदुस्थानातल्या लोकांना हे दान माणसांच्या शिकवणीवाचून मिळाले आहे. ज्या ठिकाणाला पुढे एकमेव उगम ठरवले गेले, त्याचीच ही कबुली मी वजनदार पुरावा मानतो.

रमाबाईंनी 1907 मध्ये ‘मुक्ती प्रेयर बेल’ या मुक्तीच्या पत्रातून या साऱ्याची बाजू घेतली, पण अन्य भाषा ही प्रत्येकासाठी अनिवार्य खूण त्यांनी मानली नाही. संस्कृत पंडितांच्या घरातल्या या विदुषीचा सूर अमेरिकी सिद्धान्ताहून मोकळा होता. बायबल मुळातून मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकणाऱ्या, 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या तोवर त्या कामात बुडालेल्या रमाबाईंना भावनेच्या आहारी गेलेल्या म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे.

सर्वांत पक्का धागा चिलीकडे जातो. 1907 मध्ये एब्रम्सने आपली पुस्तिका व्हालपारायसोला, शिकागोच्या शाळेतल्या आपल्या जुन्या मैत्रिणीला पाठवली. तिचा नवरा विलिस हूव्हर तिथे मेथडिस्ट पाळक होता. त्या वाचनाने आपला शोध सुरू झाला हे त्याने स्वतः लिहून ठेवले. 1909 मध्ये त्याच्या मंडळीत संजीवन झाले, 1910 मध्ये तो मेथडिस्ट चर्चमधून बाहेर पडला आणि चिलीची पेन्टेकॉस्टल मंडळी उभी राहिली. इथे अंदाजाची गरजच नाही : पाठवणारी, घेणारी आणि वर्ष, तिन्ही हाताशी आहेत. गॅरी मॅकगी आणि अॅलन अँडरसन या अभ्यासकांनी हे धागे एकत्र मांडल्यापासून एकाच उगमाची कथा मागे पडत चालली आहे. माझाही निष्कर्ष तोच : या चळवळीला अनेक मुळे होती, आणि त्यांतले एक केडगावात होते.

उणीव एकच, पण मोठी आहे. अभ्यासक ज्यांवर विसंबतात ते कागद बहुतेक इंग्रजी आहेत. ज्या मुलींवर ही सारी घटना उभी आहे, त्यांचे बोलणे मिशनरींच्या लेखणीतून गाळून आपल्यापर्यंत येते. केडगाव, दौंड, शिरूर भागातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत आजी-पणजीची मराठी पत्रे, टाचणवह्या, छापील पत्रके असतील, तर ती रद्दीत घालू नका. त्यांवरच्या तारखा टिपून ठेवा, छायाचित्रे काढा आणि अभ्यासकांना दाखवा.