टाऊ-१ : दिसले ते आणि न दिसले ते

टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी होते, तशीच पेशीत प्रथिनांची होते. चेतापेशीत तर ती फारच काटेकोर असावी लागते. या पेशीला दोन तऱ्हेचे फाटे असतात. संदेश आत आणणाऱ्या वृक्षिका आखूड, तर तो बाहेर नेणारा अक्षतंतू लांब. पायापर्यंत जाणारा अक्षतंतू मीटरभरसुद्धा भरतो. पण कोणते प्रथिन कोणत्या फाट्यात गेले, हे नुसत्या सूक्ष्मदर्शकातून कळत नाही. मग ते ओळखायचे कसे?

इथे कामाला आली प्रतिपिंडे. रोगजंतू शरीरात शिरला की नेमके त्यालाच चिकटणारे हे रेणू आपले शरीर बनवते. १९४१ साली अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारे द्रव्य जोडले. प्रतिपिंड चिकटेल ती जागा चमकू लागली. पण रक्तातून मिळणारी प्रतिपिंडे म्हणजे सरमिसळच. १९७५ मध्ये केंब्रिज येथे सीझर मिलस्टीन आणि जॉर्ज कोहलर यांनी प्रतिपिंड बनवणाऱ्या उंदराच्या पेशीचा कर्कपेशीशी संकर घडवला. त्यातून एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी मिळू लागली. या कामासाठी १९८४ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पेटंट मात्र घेतले गेले नव्हते. त्यामुळे ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत पसरली.

योगायोग असा, की १९७५ सालीच प्रिन्स्टन विद्यापीठात ‘टाऊ’ हे प्रथिन सापडले. ते पेशीतील सूक्ष्मनलिकांना आधार देते. १९८५ मध्ये लेस्टर बाइंडर आणि सहकाऱ्यांनी ‘टाऊ-१’ हे प्रतिपिंड मेंदूच्या कापांवर लावले. अक्षतंतू रंगले, वृक्षिका कोऱ्या राहिल्या. टाऊ हे अक्षतंतूचे प्रथिन ठरले.

पण पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये इंगे ग्रुंडके-इक्बाल आणि सहकारी अल्झायमरच्या रुग्णांचे मेंदू तपासत होते. विकर वापरून फॉस्फेट उतरवल्यावर पेशींतल्या गाठी टाऊ-१ ने ठळक रंगल्या. गाठींत टाऊ होता. फॉस्फेटच्या ओझ्याखाली तो झाकला गेला होता! १९८७ साली पापासोझोमेनोस आणि बाइंडर यांनी तीच युक्ती निरोगी ऊतीवर केली. तेव्हा पेशीच्या मुख्य भागात आणि वृक्षिकांतही टाऊ दिसला. टाऊ-१ ज्या जागी चिकटते तिथे फॉस्फेट असेल, तर ते चिकटतच नाही.

निरोगी चेतापेशीत टाऊचा मुख्य मुक्काम अक्षतंतूतच असतो, हे खरे. परंतु अल्झायमरमध्ये तो फॉस्फेटने लादला जातो आणि भलत्या जागी साचतो. हे लक्षात आले नसते, तर नेमका आजारी टाऊच नजरेतून सुटला असता. आजही नव्या प्रतिपिंडाची पारख करताना ते काय दाखवते याबरोबर काय दाखवत नाही, हेही विचारावे लागते. आपल्या घरातल्या वृद्धांच्या हरवत्या स्मरणशक्तीवरचे संशोधन अशा पारखीवरच उभे आहे.