मानवी अपव्यापार : प्रतिबंध आणि पीडितांना आधार
नेसरी व सीमाभागातील श्रद्धावंतांसाठी माहिती

दरवर्षी ८ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा संत जोसेफिन बखिता हिचा स्मृतिदिन पाळते. सुदान देशातील दारफूर प्रांतात जन्मलेल्या या मुलीला बालपणीच पळवून नेण्यात आले आणि गुलामांच्या बाजारात ती अनेकदा विकली गेली. पुढे ती इटलीत आली. १८८९ मध्ये व्हेनिसच्या न्यायालयाने ती स्वतंत्र असल्याचा निर्णय दिला. १८९० मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, त्यानंतर ती कनोसियन धर्मभगिनी झाली आणि १ ऑक्टोबर २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला संतपद बहाल केले. पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार २०१५ पासून तिचा स्मृतिदिन मानवी अपव्यापाराविरुद्ध प्रार्थना व जागृती करण्याचा जागतिक दिवस म्हणून पाळला जातो.

न्यायालयाने बखिताला स्वातंत्र्य दिले. परंतु त्या निर्णयाच्या वेळी तिच्या पाठीशी कनोसियन भगिनींचे घर उभे होते, ही गोष्ट आम्हाला तितकीच महत्त्वाची वाटते. सोडवलेल्या माणसाला जाण्यासाठी दार नसेल, तर सुटका अपुरी राहते. शोध घेणे, सुटका करणे व गुन्हेगारास शिक्षा देणे हे शासनाचे काम आहे. परंतु माणूस घराबाहेर पाऊल टाकतो तो क्षण आणि तो परत येतो तो दिवस, ही दोन्ही टोके गावाच्या व धर्मग्रामाच्या हाती असतात. या दोन टोकांवर आपण काय करू शकतो, हे सांगण्यासाठी हा लेख आम्ही सादर करीत आहोत.

अपव्यापार म्हणजे काय?

शासकीय भाषेत 'मानवी अपव्यापार' आणि बोलीत 'मानवी तस्करी' असे ज्यास म्हणतात, त्याची व्याख्या संयुक्त राष्ट्रांनी २००० साली पालेर्मो करारात केली. भारताने या करारास २०११ मध्ये मान्यता दिली. त्या व्याख्येत तीन गोष्टी येतात. पहिली, माणसाला कामावर घेणे, नेणे, ठेवणे किंवा दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. दुसरी, त्यासाठी बळजबरी, फसवणूक, आमिष किंवा त्याच्या असहायतेचा उपयोग करणे. तिसरी, त्याचे शोषण करण्याचा हेतू. बालकाच्या बाबतीत बळजबरी वा फसवणूक सिद्ध करण्याचीही गरज नाही.

आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार व वेठबिगारी यांना मनाई केली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार या गुन्ह्यास किमान सात वर्षे सक्तमजुरी आहे. पीडित व्यक्ती बालक असल्यास किमान दहा वर्षे आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. 'ती स्वतःच्या मर्जीने गेली होती' हा बचाव या कलमात ग्राह्य नाही.

आपल्या परिसराचा अनुभव

नेसरी हे गडहिंग्लज तालुक्यातील गाव. जवळच चंदगड व आजरा हे तालुके, पूर्वेस बेळगाव आणि घाट उतरला की सिंधुदुर्ग व गोवा. रोजगारासाठी बाहेर पडणे या भागाला नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये येथील कित्येक पिढ्या राबल्या. स्थलांतर म्हणजे अपव्यापार नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. परंतु ज्या वाटेने लोक पोटासाठी जातात, त्याच वाटेवर दलालही उभा असतो.

या भागाने अपव्यापाराचे एक जुने रूप जवळून पाहिले आहे. देवाला मुली सोडण्याच्या प्रथेतून गडहिंग्लज, निपाणी, बेळगाव या पट्ट्यातील अनेक गरीब, मुख्यतः दलित मुली मुंबई, पुणे, सांगली येथील वेश्यावस्त्यांत पोहोचल्या. १९३४ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने देवदासी प्रथेस बंदी घातली होती, तरीही ती चालू राहिली. १९७५ मध्ये गडहिंग्लज येथे देवदासी परिषद भरली आणि या स्त्रियांच्या प्रश्नाला वाचा फुटली. कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ च्या अधिनियमाने नवे कायदे केले. यातून एक धडा मिळतो. केवळ कायद्याने मुली वाचल्या नाहीत. गावातील माणसे बोलू लागली, सोडलेल्या स्त्रियांना व त्यांच्या मुलांना समाजात स्थान मिळू लागले, तेव्हाच बदलाला आरंभ झाला.

आज जाळ्याचे रूप बदलले आहे. शहरात घरकाम, गोव्यात हॉटेलात नोकरी, परदेशी जाण्याची संधी, न पाहिलेल्या स्थळाशी घाईने विवाह, भ्रमणध्वनीवरून जुळलेली मैत्री, ही सर्व त्याची आमिषे आहेत. अलीकडच्या वर्षांत संगणकावरील नोकरीच्या आशेने कंबोडिया व म्यानमार येथे गेलेल्या भारतीय तरुणांना डांबून त्यांच्याकडून इंटरनेटवर लोकांची फसवणूक करवून घेतल्याची प्रकरणे उघडकीस आली. सुशिक्षित मुलगाही सुरक्षित आहे असे मानू नये.

पहिले टोक : घराबाहेर पडण्यापूर्वी

पवित्र शास्त्रातील योसेफाला वीस रुप्यांना विकणारे परके नव्हते; ते त्याचे भाऊच होते. आजही मुलीला नेणारा बहुधा ओळखीचाच असतो: नात्यातला, गावचा, पूर्वी तेथे जाऊन आलेला. म्हणून ओळख हा पुरावा मानू नये. कोणीही कामासाठी बाहेर जात असता पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात व लिहून ठेवाव्यात.

• नेणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत.
• कामाचे नेमके ठिकाण व मालकाचे नाव. मालकाशी आधी स्वतः बोलावे.
• पगार किती, तो कोणाच्या हाती मिळणार, राहण्याची सोय कोठे.
• आगाऊ रक्कम दिली जात असेल तर ती कशासाठी. पालकाला दिलेली मोठी रक्कम हा धोक्याचा इशारा समजावा.
• आधारपत्र, पारपत्र व शाळेचे दाखले यांच्या मूळ प्रती कोणाच्याही स्वाधीन करू नयेत. छायाप्रत घरी ठेवावी.
• घरच्यांशी ठरावीक दिवशी बोलणे, आणि 'मी अडचणीत आहे' हे इतरांना न कळता सांगता येईल असा एखादा साधा शब्द आधीच ठरवून ठेवणे.

परदेशी जाणाऱ्यांनी, भरती करणारा दलाल परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे काय, हे पाहावे. नोंदणीकृत दलालाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील कर यापेक्षा अधिक घेता येत नाही. पर्यटकाच्या व्हिसावर नोकरीस पाठविणारा मनुष्य फसवीत आहे असे निश्चित समजावे.

विवाहाच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह हा गुन्हा आहे. असा विवाह ठरल्याचे समजल्यास ग्रामपंचायत अधिकारी, अंगणवाडी सेविका किंवा १०९८ यांना कळवावे.

संशय आल्यास किंवा कोणी बेपत्ता झाल्यास

• ११२ : पोलीस व सर्व तातडीची मदत.
• १०९८ : अठरा वर्षांखालील बालकांसाठी, दिवसरात्र, विनामूल्य.
• १८१ : महिलांसाठी मदतवाहिनी.
• १३९ : रेल्वेगाडीत किंवा स्थानकावर संशयास्पद प्रकार दिसल्यास.
• १९३० : इंटरनेटवरून झालेली आर्थिक फसवणूक.
• १५१०० : विनामूल्य विधी सहाय्य.
• १८०० ११ ३०९० : परदेशात नोकरीसाठी गेलेल्या भारतीयांसाठी.

मुलगी मुंबईत वा गोव्यात बेपत्ता झाली तरी तक्रार नेसरी पोलीस ठाण्यातही देता येते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी तो नोंदविणे पोलिसांना बंधनकारक आहे. पुढे तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. बालक हरवल्यास केवळ 'बेपत्ता' अशी नोंद पुरेशी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार अपहरण वा अपव्यापार गृहीत धरून प्रथम खबरी अहवाल दाखल झाला पाहिजे. त्याची प्रत तक्रारदारास विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. 'चार दिवस वाट पाहू, गावात बोभाटा नको' या विचाराने जे दिवस वाया जातात, तेच दलालाच्या कामी येतात.

बालकाचे लैंगिक शोषण झाल्याचे ज्यास कळले, त्याने ते पोलिसांना कळविणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने सक्तीचे आहे. शिक्षक, वसतिगृहप्रमुख, प्रापंचिक वा धर्मगुरू, कोणीही त्यातून सुटलेला नाही.

सुटकेसाठी स्वतः धाव घेऊ नये. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर व त्यांचे सहा साथीदार शत्रूच्या सैन्यावर तुटून पडले. त्या सात वीरांचे स्मरण आपल्याला सदैव अभिमानास्पद आहे. परंतु येथे प्राण पणास लागतो तो आपला नव्हे, आत डांबलेल्या मुलीचा. चार तरुणांनी त्या ठिकाणी जाऊन दंगा केला, तर तिला रातोरात दुसरीकडे हलविले जाते आणि पुरावाही नष्ट होतो. पाहिलेले ठिकाण, वेळ, वाहनाचा क्रमांक टिपून ठेवावा आणि पोलिसांना किंवा जिल्ह्यातील अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षास कळवावे.

दुसरे टोक : परत आल्यानंतर

सुटका झालेल्या बालकास चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर केले जाते. प्रौढ स्त्रीसाठी 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय, कायदेशीर व समुपदेशनाची मदत एकत्र मिळते. दीर्घ निवासासाठी असलेल्या पूर्वीच्या 'उज्ज्वला' व 'स्वाधार' योजना आता 'शक्ती सदन' या नावाने चालतात. अपव्यापाराच्या पीडितांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

वेठबिगारीतून सुटलेल्या मजुराचे कर्ज १९७६ च्या कायद्याने आपोआप रद्द होते. त्याला प्रांताधिकारी वा जिल्हाधिकाऱ्यांकडून मुक्ततेचा दाखला मिळणे आवश्यक आहे. केंद्राच्या २०१६ च्या योजनेनुसार पुनर्वसनासाठी पुरुषास एक लाख, स्त्री व बालकास दोन लाख आणि लैंगिक शोषण वा अपव्यापारासारख्या अतिशय गंभीर प्रकरणात तीन लाख रुपये देय आहेत. हा दाखला नसल्यामुळे पुष्कळांचा हक्क बुडतो.

परंतु खरी परीक्षा यानंतर सुरू होते. दयाळू शोमरोनी मनुष्य जखमा बांधून निघून गेला नाही. त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, खर्च दिला आणि परत येण्याचे वचन दिले. घरी परतलेल्या मुलीकडे मिस्साच्या वेळी वळून वळून पाहिले जाते, तिच्या बहिणीचे स्थळ मोडते, तिला काम कोणी देत नाही. अशा वेळी तोच दलाल, 'तुला येथे कोण विचारतो?' म्हणून पुन्हा दारी येतो. तिला दुसऱ्यांदा त्याच्या हाती देणारे आपणच ठरू नये.

म्हणून तिचे नाव, छायाचित्र वा हकीकत मंदिरातील सूचनांत, सभेत किंवा भ्रमणध्वनीच्या गटात कधीही देऊ नये. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हाच आहे. 'काय काय झाले' असे विचारू नये. 'काय हवे आहे' एवढेच विचारावे. साक्षीसाठी न्यायालयात जाताना कोणी सोबत जावे. शिक्षण वा काम पुन्हा सुरू करण्यास मदत करावी, आणि निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा.

आपल्याच दारापाशी

आपण केवळ पीडितांच्याच बाजूला उभे आहोत असे मानणे सोयीचे असले तरी ते पूर्ण सत्य नाही. उसाच्या हंगामात मराठवाड्यातून येणारी कोयत्याची जोडपी आपल्याच शिवारात राबतात. उचल फिटली नाही म्हणून मुकादमाने त्यांना डांबून ठेवले, तर ती वेठबिगारी आहे. वीटभट्टीवर किंवा घरकामास ठेवलेले मूल शाळेत जाते काय, हे मालकाने पाहिले पाहिजे. शेतकरी मुलांची लग्ने जुळत नाहीत ही आपल्या भागातील उघड व्यथा आहे. परंतु मध्यस्थाला पैसे मोजून परराज्यातून आणलेली मुलगी स्वखुशीने आली आहे काय, तिला माहेरी बोलता येते काय, हे न विचारता तिला सून म्हणणे कोणत्याही ख्रिस्ती कुटुंबास शोभत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये गुलामी, वेश्याव्यवसाय आणि स्त्रिया व मुले यांची विक्री यांना मानवी प्रतिष्ठेचा अवमान म्हणून धिक्कारले. तो धिक्कार विकणाऱ्याइतकाच घेणाऱ्यालाही लागू आहे.

धर्मग्रामासाठी काही सूचना

• बाहेरगावी कामास जाणाऱ्यांची एक नोंदवही ठेवावी. नोंद ऐच्छिक व गोपनीय असावी आणि ती एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी.
• जाणाऱ्याला तेथील जवळच्या धर्मग्रामाची माहिती द्यावी.
• वरील मदत क्रमांक मंदिराच्या फलकावर लावावेत.
• ग्राम बाल संरक्षण समितीत आपल्या धर्मग्रामातील कोणी सहभागी व्हावे.
• २००९ मध्ये स्थापन झालेल्या 'तलिथा कुम' या धर्मभगिनींच्या जागतिक जाळ्याशी आपल्या भागातील धर्मभगिनींमार्फत संपर्क ठेवावा.
• ८ फेब्रुवारीस प्रार्थना करावी, तसेच ३० जुलै या संयुक्त राष्ट्रांच्या अपव्यापारविरोधी दिनी ही माहिती पुन्हा वाचावी.

यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. निघालेल्याला चार प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि परतलेल्याला एकही प्रश्न न विचारता जवळ घेण्याचे प्रेम, एवढेच पुरेसे आहे. संत जोसेफिन बखिता हिच्या मध्यस्थीने ही दोन्ही दाने आपल्या प्रत्येक कुटुंबाला मिळोत, अशी आम्ही प्रभूचरणी प्रार्थना करतो.