सोन्याच्या खाणीतून समुद्राच्या तळाशी

परवाच्या शनिवारी एक नसता उद्योग केला. समुद्रतळाच्या गाळाचे नमुने आणि प्रत्येकात एका धातूचं प्रमाण, असा डेटा हाताशी होता. बहुतेक आकडे चिमुकले, दोन-चार मात्र राक्षसी. नमुन्यांच्या मधल्या जागा भरायला सरळ क्रिगिंग केलं, तर ते दोन-चार राक्षस अर्ध्या नकाशावर पसरून बसले. मग शहाणपणा करून सगळ्यांचा लॉग घेतला, क्रिगिंग केलं आणि शेवटी लॉग उलटा फिरवला. नकाशा काय देखणा आला म्हणून सांगू! पण त्याची सरासरी काढली तर मूळ नमुन्यांच्या सरासरीपेक्षा कितीतरी खाली. कोड तीनदा तपासला. बग नव्हताच. माझी चूक सत्तरहून जास्त वर्षं जुनी होती आणि ती समुद्रावर नाही, दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत सापडली होती.

जोहान्सबर्गजवळच्या विटवॉटर्सरँडला 1886 साली सोनं मिळालं. तिथलं सोनं खडकाच्या पातळ थरांत, जमिनीखाली खोल. ब्लॉक खणायच्या आधी त्याच्या कडेचे थोडे तुकडे काढायचे, त्यात सोनं किती ते बघायचं आणि पूर्ण ब्लॉकची किंमत ठरवायची. पण गंमत अशी, की जे ब्लॉक फार श्रीमंत वाटायचे ते खणल्यावर अंदाजापेक्षा गरीब निघत आणि जे गरीब वाटायचे ते जरा बरे निघत. म्हणजे चांगले म्हणून निवडलेले ब्लॉक हटकून निराशा करणार! यात खरे पैसे बुडत होते.

डॅनी क्रीग (1919–2013) या खाण अभियंत्यानं 1951 साली याचं उत्तर मांडलं. ब्लॉकच्या स्वतःच्या नमुन्यांवर पूर्ण विश्वास टाकू नका, आजूबाजूच्या खाणीची सरासरीही त्यात मिसळा. कुणाला किती वजन द्यायचं हे आकडेवारीतून ठरवा. हर्बर्ट सिशेलनं 1947 सालीच दाखवलं होतं की इथले आकडे घंटेच्या आकारात बसत नाहीत, त्यांचे लॉग मात्र बऱ्यापैकी बसतात. क्रीगनंही लॉगच वापरले.

पुढची गोष्ट फ्रान्सची. जॉर्ज मातेराँ (1930–2000) हा तरुण अभियंता अल्जीरियातल्या खाणींवर काम करत होता. त्यानं क्रीगचं काम वाचलं आणि त्याखाली गणिताचा पक्का पाया घातला. दोन नमुन्यांमधलं अंतर वाढलं की त्यांच्यातला फरक कसा वाढतो, याचा आलेख म्हणजे व्हेरिओग्राम. त्यावरून प्रत्येक नमुन्याचं वजन ठरतं. शिवाय अंदाज किती चुकू शकतो हेही कळतं. या पद्धतीला मातेराँनं नाव मात्र क्रीगचं दिलं. (आपल्याकडे कोण देतं असं श्रेय?) त्याच सुमारास, 1963 साली, लेनिनग्राडमध्ये लेव गांडिननं हवामानाच्या नकाशांसाठी जवळजवळ हेच गणित स्वतंत्रपणे मांडलं.

आता माझी चूक. चार नमुने घ्या: 1, 1, 10, 100. सरासरी 28. दहाच्या पायानं लॉग घेतले तर 0, 0, 1, 2. त्यांची सरासरी 0.75. ती उलटी फिरवली की येतात साधारण 5.6! कुठे 28 आणि कुठे 5.6. लॉगची सरासरी उलटी फिरवली की मधला, 'टिपिकल' आकडा मिळतो. एकूण माल किती आहे ते त्यावरून कळत नाही. नैसर्गिक लॉग असतील तर उलटं फिरवण्याआधी पसाऱ्याचा, म्हणजे व्हेरिअन्सचा, अर्धा भाग मिळवावा लागतो. क्रिगिंगमध्ये ही दुरुस्ती जागोजागी बदलते, आणि व्हेरिअन्स थोडा जरी चुकला तरी घातांकामुळे ती चूक फुगते. सिशेल आणि क्रीग या दुखण्याशी झगडले होते. मी सॉफ्टवेअरचं एक बटण दाबून मोकळा झालो होतो.

समुद्रात हे दुखणं जास्तच. 1872 ते 1876 मध्ये चॅलेंजर जहाज जगभर दोर सोडत फिरलं. तळाचा गाळ वर आला आणि 1873 मध्ये बटाट्यासारखे मँगनीजचे गोळेही. खाणीत निदान ब्लॉक खणून पडताळा तरी बघता येतो. पाच किलोमीटर पाण्याखाली नकाशा चुकला हे सांगायला कोण येणार?

हे आपल्यापासून लांब नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजानं 26 जानेवारी 1981 रोजी असे गोळे वर आणले. 1987 साली भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचं क्षेत्र मिळालं. त्यातलं निम्मं नियमाप्रमाणे पुढे परत करायचं होतं. 75,000 चौरस किलोमीटर ठेवायचे आणि तेवढेच सोडायचे, आणि हाताशी काय, तर कित्येक किलोमीटर अंतरावर उचललेले नमुने! मधल्या न पाहिलेल्या तळाचा अंदाज बांधल्याशिवाय असा निर्णय घेताच येत नाही.

असो. माझ्या नकाशात आता दुरुस्ती केली आहे. तो पहिल्याइतका देखणा राहिला नाही. शेजारी दुसराही नकाशा काढलाय, अंदाज कुठे किती चुकू शकतो त्याचा. त्यात नमुने विरळ आहेत तिथे सगळं लाल भडक दिसतं. हल्ली मी आधी तोच बघतो.