जहाज बंदरात का थांबलं? अफनासी निकितीन, दाभोळ आणि वाऱ्याचं पंचांग

जून लागला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या दाटीवाटीनं उभ्या राहतात. आगोटीची कामं आटोपलेली असतात, जाळी घरात गेलेली असतात आणि समुद्राकडे कुणी फारसं फिरकत नाही. आजच्या होडीला इंजिन आहे, तरी पावसाळ्यात ती थांबते. मग नुसत्या शिडावर चालणाऱ्या जहाजाचं काय होत असेल?

प्रश्न साधा आहे, पण जुनी प्रवासवर्णनं वाचताना आपण तो विचारत नाही. प्रवासी एखाद्या गावात दोन महिने राहिला असं दिसलं की आपण लिहून मोकळे होतो: त्याला गाव आवडलं असेल, व्यापार असेल. शिडाच्या काळात मुक्काम किती लांबायचा हे प्रवाशापेक्षा वारा जास्त ठरवत असे. आज हे एका उदाहरणावर तपासून पाहू.

अफनासी निकितीन हा रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी. पंधराव्या शतकात तो बहमनी राज्यात आला आणि त्याच्या टिपणांचं 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' हे पुस्तक झालं. तो उतरला चौलला. परत निघाला आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळहून. वाशिष्ठीच्या मुखावरचं हे बंदर तेव्हा घोड्यांच्या व्यापारासाठी नावाजलेलं होतं.

पहिली पायरी: शब्द तपासा. निकितीन सांगतो की चौलहून चालत पाली, उमरी करत 24 दिवसांनी तो जुन्नरला पोचला आणि तिथे त्यानं 'हिवाळा' काढला. इथे घाई केली तर आपण त्याला डिसेंबर-जानेवारीत जुन्नरला बसवू आणि सरळ सहा महिने चुकू. कारण पुढच्याच ओळीत तो म्हणतो की चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल होता. हा तर पावसाळा! त्याच्या देशात वाटा बंद करणारा ऋतू म्हणजे हिवाळा. इथे वाटा पावसानं बंद झाल्या, म्हणून त्यानं घरचा शब्द वापरला. शब्द ऋतूचा असला तरी अर्थ 'थांबण्याचा काळ' असा आहे.

दुसरी पायरी: वाऱ्याशी ताडून पाहा. अरबी समुद्रात साधारण जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा जोरदार वारा असतो, तर नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचा सौम्य वारा. होर्मुझहून कोकणात यायचं तर पावसाच्या आधी, नाहीतर पाऊस सरत आल्यावर. कोकणातून पश्चिमेला जायचं तर थंडीच्या दिवसांत. म्हणजे मेअखेरीस आलेल्या माणसाला मनात आलं तरी लगेच परतता येत नाही. किमान पाच महिने तो अडकलाच.

निकितीन ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात घोडा घेऊन होर्मुझहून निघाला आणि सहा आठवडे समुद्रात होता. म्हणजे तो मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला चौलला लागला, शेवटच्या संधीला. आणि दाभोळहून निघाला तो ईस्टरच्या सुमारे तीन महिने आधी, म्हणजे ऐन थंडीत. दोन्ही टोकं वाऱ्याशी जुळतात. त्याची टिपणं महिन्यांच्या बाबतीत विश्वासार्ह आहेत, असं म्हणायला हा चांगला आधार आहे.

तिसरी पायरी: पुरावा किती बोलतो ते ओळखा. वारा महिना सांगतो, वर्ष सांगत नाही, कारण तो दरवर्षी तसाच वाहतो. निकितीनच्या प्रवासाची जुनी कालगणना 1466 ते 1472 अशी आहे. तीनुसार तो 1469 मध्ये भारतात आला. विसाव्या शतकात गणित पुन्हा मांडलं गेलं आणि भारतातला मुक्काम 1471 ते 1474 असा पुढे आला.

आपण करून बघू. तो म्हणतो पाऊस ट्रिनिटीच्या सणाला सुरू झाला. हा सण ईस्टरनंतर 49 दिवसांनी येतो. तेव्हाचं रशियन पंचांग आजच्या कॅलेंडरच्या 9 दिवस मागे होतं, तेवढे दिवस मिळवले की 1469 साठी 30 मे येते आणि 1471 साठी 11 जून. कोकणातला पाऊस दुसऱ्या तारखेशी जास्त जुळतो. पण मे संपताना पाऊस आलेली वर्षंही आपण पाहिली आहेत. म्हणून हा पुरावा फक्त कल दाखवतो, निकाल देत नाही.

आता दाभोळ. तो म्हणतो, जहाजात चढलो तेव्हा मुसलमानांचा उपवास होता, म्हणजे रमजान. 1472 मध्ये रमजान सुमारे 11 फेब्रुवारीला लागला आणि ईस्टर होता 29 मार्चला. त्याच्या तीन महिने आधी म्हणजे डिसेंबरची अखेर. जुळत नाही, जवळजवळ सहा आठवड्यांचा फरक. 1474 मध्ये रमजान सुमारे 20 जानेवारीला, ईस्टर 10 एप्रिलला. फरक दहा-बारा दिवसांचा. पारडं 1474 कडे झुकतं.

इथे थांबून कबुलीही द्यायला हवी. निकितीनला ईस्टरची तारीख नक्की माहीतच नव्हती! अस्त्राखानजवळ तो लुटला गेला, त्यात त्याचे धर्मग्रंथ गेले. मग तो भोवतालच्या मुसलमानांच्या सणांवरून आपल्या सणांचा अंदाज बांधत राहिला. म्हणून रमजानची नोंद पक्की धरायची आणि ईस्टरची सैल. त्याच पुस्तकातल्या दोन तारखांचं वजन सारखं नसतं.

या अंदाजाची त्याला मोठी बोच होती. उपवास कधी, सण कधी, आपण अजून ख्रिस्ती राहिलो का, हे प्रश्न त्याला दाभोळपर्यंत छळत राहिले. जुन्नरला असदखानानं त्याचा घोडा हिसकावून धर्म बदलायला सांगितलं होतं. खोरासानचा ख्वाजा मुहम्मद मध्ये पडला म्हणून घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. पावसानं अडवलं नसतं तर हा प्रसंग कदाचित घडलाही नसता. आपण 'मुक्काम' असा एक शब्द लिहितो, त्यात एवढं सगळं असू शकतं.

निकितीन घरी पोचला नाही. स्मोलेन्स्कजवळ वाटेतच वारला. टिपणं मात्र 1475 च्या सुमारास मॉस्कोत पोचली.

तुमच्या संशोधनात प्रवासवर्णन येणार असेल, तर एक सवय लावून घ्या. प्रत्येक मुक्कामासमोर दोन रकाने आखा: प्रवासी का थांबला, आणि निघता आलं असतं का. दुसरा रकाना भरायला ग्रंथालय पुरत नाही. त्यासाठी हवामानाचं पुस्तक उघडावं लागतं, किंवा सरळ बंदरावर जाऊन एखाद्या जुन्या तांडेलाला विचारावं लागतं. मला तरी वाऱ्याबद्दलचे पहिले धडे मिरकरवाड्यातच मिळाले.