वॉर्सोचा इंजिनिअर आणि आटपाडीचं स्वतंत्रपूर

व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' पाहिलाय? १९५७चा, ब्लॅक अँड व्हाइट. एक जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर काढतो आणि उजाड माळावर शेती करायला लावतो. कथा गदिमांची. ती ज्या प्रयोगावरून सुचली, तो त्यांच्याच माणदेशातला, आटपाडीजवळचा. आणि त्या प्रयोगामागे होता पोलंडमधला एक ज्यू इंजिनिअर, मॉरिस फ्रीडमन.

ज्यू म्हटलं की आपल्याला कोकणातले शनिवार तेली, म्हणजे बेने इस्राएल आठवतात. फ्रीडमन त्यातले नव्हेत. १९०१ साली वॉर्सोत एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. विजेच्या कामात हुशार, पुढे फ्रान्समध्ये नोकरी. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी त्यांना १९३०च्या दशकात बंगळूरच्या सरकारी इलेक्ट्रिक फॅक्टरीवर आणलं. माझ्या बॅचमधले अर्धे लोक 'ऑनसाइट'ची वाट बघत बसलेत, त्यामुळे उलट्या दिशेने आलेला हा गडी मला फार आवडतो. इथे येऊन तो रमण महर्षींकडे गेला, गांधीजींकडे गेला, खादी घातली. सूत कातायला 'धनुष तकली' नावाचं साधं, स्वस्त यंत्र बनवलं. संन्यास घेतला आणि नाव झालं भारतानंद.

आता औंध. पुण्यातलं नव्हे बरं का, सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. ते छोटं संस्थान होतं आणि त्याचे तुकडे विखुरलेले. औंध आज साताऱ्यात, तर कुंडल आणि आटपाडी सांगलीत. एकूण ७२ गावं, साधारण पाऊण लाख लोक. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे तेच सूर्यनमस्कारवाले. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून आलेले. त्यांची आणि फ्रीडमनची गट्टी जमली आणि त्यांनी त्यांना औंधला आणलं.

मग जे झालं ते आजही विचित्र वाटतं. फ्रीडमननी राजाला सुचवलं, सगळी सत्ता लोकांना देऊन टाका. आणि राजा हो म्हणाला! नोव्हेंबर १९३८ मध्ये सत्तरीच्या वाढदिवसाला त्यांनी तशी घोषणा केली. राज्यघटनेचा मसुदा करण्यात फ्रीडमनचा मोठा हात होता. तो घेऊन आप्पासाहेब आणि ते सेवाग्रामला गेले आणि गांधीजींनी तो घडवून दिला. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका सभा, तिथून राज्याची विधानसभा. जानेवारी १९३९ मध्ये हे लागू झालं. म्हणजे देशाची राज्यघटना यायच्या ११ वर्षं आधी.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. शिक्षा झालेले कैदी, पण भिंत नाही. राहायला घर, कसायला जमीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोबत बायकापोरं. माझ्या मते खरी करामत इथे आहे. सिनेमात कैद्यांना थोपवून धरतात ते जेलरचे डोळे. माळावर मात्र ते काम चुलीने केलं असणार. शेजारी पोरगं झोपलंय, सकाळी पिकाला पाणी द्यायचंय, मग पळून जाणार कुठे? बाकीचे तुरुंग माणसाला आधी घरापासून तोडतात आणि मग सुधार म्हणतात. इथे भगवी वस्त्रं घेतलेला एक परदेशी माणूस कैद्यांना त्यांचा संसार परत देत होता.

आणि तारखा बघा. सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलरने पोलंडवर हल्ला केला. नोव्हेंबर १९४० मध्ये वॉर्सोतल्या चार लाखांवर ज्यूंना भिंत घालून एका कोपऱ्यात कोंडलं. काही गुन्हा नसताना. याच गावचा माणूस तेव्हा शिक्षा झालेल्यांना भिंतीशिवाय ठेवायचा प्रयोग करून बसला होता. मी हे वाचून बराच वेळ मोबाईल बाजूला ठेवला होता.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, घटनाही संपली. स्वतंत्रपूर राहिलं. राज्याच्या कारागृह विभागाची ती खुली वसाहत आजही आहे आणि तिथे कैदी कुटुंबासोबत राहतात.

फ्रीडमन भारतातच राहिले. १९५९ नंतर तिबेटी निर्वासितांसाठी राबले. पुढे मुंबईत, खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांकडे जाऊन बसायचे. महाराज विडीचं दुकान चालवलेले, बोलणं सगळं मराठीत. ते टेपवर रेकॉर्ड व्हायचं. फ्रीडमननी त्या टेप्सवरून इंग्रजी भाषांतर केलं आणि १९७३ मध्ये 'आय ॲम दॅट' हे पुस्तक निघालं. तीन वर्षांनी मुंबईतच ते गेले, तेव्हा निसर्गदत्त महाराज त्यांच्या उशाशी होते.